खांबाखालची इटली

माझा आवाज मला फार आवडतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझी सगळी नोकरी धारूरला इतिहास शिकवण्यात गेली. फळ्यापुढं उभा राहून मी दुसरं महायुद्ध सांगायला लागलो की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई उठून दार लावून घ्यायच्या. पोरं ऐकायची की बसल्या बसल्या झोपायची, ते पोरांनाच ठाऊक. मला मात्र त्या तासाला मजा यायची. एवढी माणसं मेली त्या युद्धात, आणि मला मजा यायची. याची लाज आता वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

शिकवायची माझी एक ठरलेली पद्धत होती. लढाया शेकड्यांनी झाल्या, पण युद्धाचं पारडं फिरवलं ते मोजक्याच मोहिमांनी, हे माझं लाडकं सूत्र. स्टालिनग्राडला जर्मन फौज वेढ्यात सापडली आणि तिथून पूर्वेकडचा सगळा डाव उलटला. अल अलामीनला आफ्रिकेचं दार बंद झालं. मिडवेला जपानची विमानवाहू जहाजं बुडाली आणि त्यांचा पुढं सरकायचा जोर संपला. कोहिमा-इंफाळला जपानी फौज उपाशीपोटी मागं फिरली. नॉर्मंडीला दोस्तांचं सैन्य उतरलं आणि शेवटाची सुरुवात झाली. या सगळ्या फळ्याच्या डाव्या अंगाला, ‘निर्णायक’ या मथळ्याखाली. उजव्या अंगाला ‘दुय्यम’. तिथं लिहिताना मी म्हणायचो, इकडं खडू फार झिजवायचा नाही. पोरं हसायची. दरवर्षी त्याच जागी मी तेच म्हणायचो आणि दरवर्षी ती हसायची.

किल्ल्याच्या बाजूच्या आमच्या गल्लीत एक गणेश मंडळ आहे. त्यातली बहुतेक पोरं माझ्याच हाताखालून गेलेली, आता मिशा फुटलेली, बायका-पोरं असलेली. गेल्या वर्षी त्यांनी मोटारीवर हलणारा राक्षस केला होता. दुसऱ्याच दिवशी मोटार बिघडली आणि राक्षसाचं मुंडकं उलटं फिरायला लागलं. बघायला आलेली माणसं पोट धरून हसली. बक्षीस पेठेतल्या मंडळाला गेलं. तो अपमान पोरांच्या मनातून जाईना. म्हणून यंदा ती माझ्याकडं आली. म्हणाली, सर, काहीतरी जबरी पाहिजे. एकानं सुचवलं की सध्या मोबाइलवर जिकडंतिकडं लढाईच चालू आहे, तीच दाखवू. मी म्हटलं, चालू लढाईचा देखावा केला तर परवानगी मिळायची नाही आणि गल्लीतच दोन पार्ट्या पडतील. त्यापेक्षा जिचा निकाल सगळ्यांना माहीत आहे ती घ्या. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, मीच म्हटलं की निवेदन मी करतो.

मांडवात जमिनीवर जगाचा नकाशा करायचा ठरला. समुद्राला निळा रंग दिलेला लाकडाचा भुसा, वाळवंटाला नदीची वाळू, रशियातल्या बर्फाला जिनिंगमधून आणलेला कापूस, डोंगरांना मुरूम, बाकी सगळीकडं आपली काळी माती. तांबडे दिवे जर्मनी-जपानचे, हिरवे दोस्तांचे. माझा आवाज जसा पुढं जाईल तसे तांबडे विझायचे आणि हिरवे लागायचे. हे जुळवाजुळवीचं काम गल्लीतल्या वायरमननं अंगावर घेतलं. पोरगा शाळेत माझ्या तासाला हमखास झोपायचा, पण दिव्यांच्या बाबतीत त्याचा हात कुणी धरायचा नाही.

अडचण एकच झाली. मांडव आधी उभा राहिला होता आणि नकाशा मागून आखला. आखून झाल्यावर बघतो तर मांडवाचा मधला खांब बरोबर इटलीवर. नकाशा सरकवावा तर रशिया गटारीत जात होता. खांब सरकवावा तर वरचं छत खाली येत होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी खांबाभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला: इटली दुय्यम आहे, राहू द्या. तिला दिवे नको. पोरं खूश झाली. खांबाला झेंडूची माळ गुंडाळली आणि कुणीतरी त्यावर ‘चपला बाहेर काढा’ ही पाटी ठोकली.

पण नकाशात इटली आहे आणि तिच्यावर खांब आहे, म्हटल्यावर निवेदनात तिच्याबद्दल काहीतरी म्हणणं भाग होतं. नाहीतर एखादा शहाणा विचारायचा. मी लिहिलं: ‘इटलीच्या डोंगरांत दोस्तांचं सैन्य चिखलात अडकून पडलं. ही आघाडी दुय्यम ठरली. तिथं सांडलेल्या रक्तानं महायुद्धाच्या निकालात काडीचाही फरक पडला नाही.’ हे पूर्ण खरं नाही, हे लिहिताना मला माहीत होतं. वर्गात याच मोहिमेवर मी टीप द्यायचो. इटलीत जर्मनांच्या कितीतरी तुकड्या गुंतून पडल्या, त्या मोकळ्या असत्या तर रशियात किंवा नॉर्मंडीत उभ्या राहिल्या असत्या, असं त्या टिपेत होतं. पण एवढं सांगायला वेळ लागतो, आणि पुढं नॉर्मंडीचे दिवे लागायला टपलेले. शिवाय ‘काडीचाही फरक पडला नाही’ हे तोंडात फार छान बसत होतं. खिडक्या लावून, दाराला गोधडी टांगून, बायकोला मिक्सर बंद ठेवायला सांगून मी ते वाक्य म्हटलं. मोबाइलवर परत ऐकलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशातलाच प्रकार, पण तेव्हा मला तो मोठा पराक्रम वाटला.

देखावा उठला. पहिल्या संध्याकाळपासून गर्दी. तालुक्याच्या गावांतून माणसं येऊ लागली. कापसाच्या बर्फावर तांबडे दिवे एकेक करून विझताना बायका तोंडाला पदर लावायच्या. मी मांडवाच्या कडेला हात मागं बांधून उभा राहायचो. कुणी ओळखीचं भेटलं की, आवाज कुणाचा, एवढं त्यांनी विचारायची वाट बघायचो.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहते. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण जिभेनं ताठ. धनगराच्या घरची. लेक आणि सून शेती बघतात, ही शेळ्या बघते. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणते. मीही. एकदा माझी स्कूटर तिच्या शेळीला घासून गेली होती, तेव्हा चार माणसांत ती मला म्हणाली होती की शेळीला डोळे आहेत तसे मास्तरांनाही देवानं दिलेत. ही आत्या रोज संध्याकाळी शेळ्या बांधून मांडवासमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागली. निवेदन पूर्ण ऐकायची. ते परत सुरू झालं की परत ऐकायची, आणि उठून जायची. कुणाशी बोलायची नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बघ, अक्षरओळख नाही, पण इतिहासाची गोडी कशी असते बघ. बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, तिला काहीतरी विचारायचं असेल. मी ते कानाआड केलं.

एका सकाळी आत्याच घरी आली. ओट्यावर टेकली. बायकोनं चहा दिला. मी पेपर बाजूला ठेवला आणि स्तुती ऐकायच्या तयारीनं सरसावून बसलो. तिनं विचारलं, ते नकाशात इटली म्हणून जे आहे, ते नेमकं कुठं आहे. मी हसत सांगितलं, खांबाखाली.

ती हसली नाही. म्हणाली, “माझा बाप हाय तितं.”

मग तिनं जे सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगतो. तिचं माहेर शिरूर कासारकडचं. तेव्हा आपला मुलूख निजामाकडं आणि पलीकडचं नगर इंग्रजाकडं. तिचा बाप दरसाल मेंढरं घेऊन नगरकडं चरायला जायचा. एका साली तिथंच फौजेची भरती चालू होती आणि त्यांना जनावर ओळखणारी माणसं हवी होती. बापानं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि नाव घातलं. त्याला खेचरांच्या तुकडीत घेतलं आणि बोटीत बसवून पाठवून दिलं. आई तेव्हा हिच्या वेळेला गरोदर होती. ही जन्मली, रांगली, चालायला लागली, आणि मग कधीतरी निरोप आला की तो इटलीत गेला. देह नाही, कपडा नाही, काही नाही. आईनं लेकीला एवढंच सांगितलं होतं की तुझ्या बापाच्या खेचरांनी ती लढाई तोलून धरली, म्हणून जग वाचलं. आई तरी बिचारी कुठून शिकली होती? पण लेकीनं ते धरून ठेवलं. सासरी बिनबापाची म्हणून कुणी टोचलं की ती हेच उत्तर द्यायची. आपला बाप घर सोडून पळालेला नाही, जगाच्या कामाला गेलेला आहे, यावर तिनं सगळं आयुष्य काढलं. माहेरी कुणी उरलं नाही तेव्हा तिनं बापाचं पितर स्वतःच्या घरी घालायला सुरुवात केली. लेकीनं सासरच्या घरात बापाचं पितर घालायचं नसतं, असं सासू म्हणाली, भावकी म्हणाली. हिनं कुणाचं ऐकलं नाही. दर सर्वपित्री अमावास्येला ती बापाचं पान मांडते आणि पानाशेजारी खेचराच्या नावानं पाटीभर हरभरा आणि हिरवा चारा ठेवते.

हे सगळं ती शेळीच्या दुधाबद्दल बोलावं तशा आवाजात बोलली. माझ्या हातातला चहा गार होत होता. मग तिनं विचारलं, रोज जे भोंग्यावर सांगता ते खरं आहे का. मी, हाडाचा मास्तर, तसं बघायला गेलं तर यात दोन मतप्रवाह आहेत, असं सुरू केलं. तिनं हातानंच थांबवलं.

“मला मतं नगंत मास्तर. माझा बाप फुकट गेला का, तेवढं सांगा.”

मी नाही म्हटलं. घाईघाईनं ती टीप सांगितली, जर्मन तुकड्या कशा अडकल्या, त्या सुटल्या असत्या तर काय झालं असतं, सगळं. आयुष्यभर पाठ केलेली टीप मला नीट सांगता येईना. ती पूर्ण ऐकून म्हणाली, “मग हे कावून न्हाई म्हनला भोंग्यावर?”

याचं खरं उत्तर होतं, खांब मध्ये आला म्हणून, आणि ते वाक्य तोंडात छान बसलं म्हणून. हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? ती उठली. जाताना माझ्याकडं नाही, बायकोकडं बघून म्हणाली की यंदा पान मांडावं की नाही तेच कळत नाही. तिचा चहा तसाच राहिला होता, वर बशी झाकलेली.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. माझं घर मांडवापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळ झाली की भोंगा सुरू व्हायचा आणि मी स्वतःच स्वतःच्या घरात येऊन बोलायला लागायचो. वाळवंट येऊन जायचं, बर्फ यायचा, मग ते वाक्य जवळ यायला लागायचं. मी उठून मोरीत जायचो, नळ सोडायचो. पाण्याच्या आवाजातूनही ‘काडीचाही’ ऐकू यायचंच, कारण ते मीच दात आवळून, जोर देऊन म्हटलेलं. एके संध्याकाळी किल्ल्याकडं निघून गेलो. तिथल्या तटावरही मी होतोच. भोंगा चांगल्या कंपनीचा होता. आणि जे मला तटावर ऐकू येत होतं ते त्या बाईला घरात, शेळ्यांच्या गोठ्यात, जेवताना ऐकू येत होतं. तिच्या बापाला मी रोज नव्यानं फुकट घालवत होतो, तेही आपल्या देवासमोर. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी खाल्लं होतं, आणि घशापासून पोटापर्यंत खवखवत होतो.

मंडळाच्या पोरांना गाठलं. म्हटलं, एक वाक्य बदलायचंय. पोरं म्हणाली, सर, दिवे त्या आवाजावर बसवलेत, एक वाक्य हललं तर जपान आधी हरेल. वायरमन म्हणाला, “आनि सर, इतकं ध्यान दिऊन ऐकतंय कोन?”

एक जण ऐकतंय, असं म्हणताना माझा आवाज चढला. असा मी वर्गातही कधी चढवला नव्हता. पोरं बिचकली. शेवटी वायरमननं तोड काढली. इटलीचा तो सगळाच तुकडा पुसला आणि तेवढी जागा मोकळी ठेवली, म्हणजे दिव्यांचं गणित बिघडायचं नाही. त्या संध्याकाळी वाळवंट संपलं, बर्फ संपला आणि भोंगा गप्प झाला. लोक इकडंतिकडं बघायला लागले. कुणी म्हणालं, बिघडलं वाटतं. मग नॉर्मंडी सुरू झाली. मला जरा हलकं वाटलं. घरी आलो तर बायको म्हणाली, “आधी तुम्ही तिच्या बापाला वाईट बोललात. आता त्याचं नावच काढून टाकलंत.”

बायको बरोबर होती. ती बरोबर असते तेव्हा मला तिचा राग येतो, तसा तेव्हाही आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी मांडवात माईक घेऊन उभा राहायला लागलो. भोंगा गप्प झाला की त्या मोकळ्या जागेत मी बोलायचो. सांगायचो की इटलीच्या डोंगरात रस्ते नव्हते, ट्रक चढत नव्हते, आणि आपल्याकडची माणसं खेचरांच्या पाठीवर सामान लादून चढत होती. सांगायचो की त्यांनी जर्मनांच्या तुकड्या तिथं खिळवून ठेवल्या, म्हणून बाकीच्या आघाड्यांवरचं ओझं कमी झालं. जागा लहान होती, मला घाई व्हायची, कधी शेवटचं वाक्य नॉर्मंडीच्या तोफांत बुडून जायचं. पोरांना ते पसंत नव्हतं, पण मास्तरांचं वय झालंय म्हणून त्यांनी सोसलं.

समोरच्या दुकानाची पायरी मात्र रिकामी होती. आत्या यायची बंद झाली होती. बैल गेला अन् झोपा केला, तशी माझी गत.

मग मीच तिच्या दारात गेलो. ती शेळी पिळत होती. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो. म्हटलं, चूक माझी होती. जे आता रोज सांगतोय तेच खरं आहे, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. तिनं धार थांबवली नाही. म्हणाली, ऐकू येतं घरात. मी म्हटलं, मग?

“मला बरं वाटावं म्हनून म्हनताय तुमी आता.”

मी म्हटलं, शपथ घेतो. ती म्हणाली की शपथ घेणारा माणूस आधी एकदा खोटं बोललेला असतो. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. मला तेव्हा कळलं की मी किती बिघडवून ठेवलंय. तीच गोष्ट मी पहिल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगितली असती तर तो इतिहास होता. आता तिच्या दारात येऊन सांगत होतो तर ती समजूत होती. तिला पुरावा देण्यासारखं माझ्याजवळ होतं काय, तर माझी जीभ, आणि तिनं ती नको तिथं वळलेली ऐकली होती. शेळीनं पाय झाडला, आत्यानं तिला दटावलं, आणि मी निघून आलो.

देखाव्याला बक्षीस मिळालं. मला शाल आणि नारळ. लोक म्हणाले, आवाज असावा तर असा. ती शाल मी घरी येऊन कपाटात खाली कोंबली. विसर्जन झालं, नकाशा मोडला, वाळू कुणाच्या तरी बांधकामाला गेली आणि रशियाच्या कापसाच्या उशा झाल्या. पितृपक्ष लागला. दुसऱ्यांच्या घरांतून वड्यांचा आणि कढीचा वास यायला लागला की मला त्या म्हातारीचं वाक्य आठवायचं, यंदा पान मांडावं की नाही. तिच्या बापाला इतकी वर्षं मिळत आलेलं जेवण माझ्या एका वाक्यानं बंद होणार होतं.

मी पुस्तकं काढून बसलो. इटलीची मोहीम निर्णायक की दुय्यम, एकदाचं स्वतःपुरतं ठरवावं म्हणून. एक पुस्तक म्हणतं, तिथं जर्मन अडकले. दुसरं म्हणतं, तिथं दोस्तच अडकले. तिसरं दोन्ही म्हणतं. मी पुस्तकातल्या नकाशांवर बोट फिरवत बसायचो. बाण एवढे जाड, आघाड्यांच्या रेघा एवढ्या ठळक, आणि त्यात एका माणसाला शोधायचं तर जागाच नाही. असे नकाशे मी आयुष्यभर काढले आणि त्यात कुणाला शोधायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. खरं उत्तर एवढंच निघालं की मला ठाऊक नाही. मग मी आधी कशाच्या जोरावर बोललो होतो? आणि नंतर तरी कशाच्या जोरावर?

अमावास्येला सकाळीच आत्याची सून दारात आली. म्हणाली, आत्याबाईंनी तुम्हाला जेवायला बोलावलंय. मी म्हटलं, येईन की दुपारून. ती म्हणाली, “तसं न्हाई. पितराला बसायचंय तुमाला.”

आमच्याकडं अशी रीत आहे. गेलेल्याच्या नावानं एका जिवंत माणसाला पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात आणि त्याला पोटभर जेवू घालतात. तेवढा वेळ तो माणूस म्हणजे तो गेलेलाच. आत्याकडं दरसाल शिरूरकडचा तिचा एक मावसभाऊ या मानाला यायचा. यंदा तो अंथरुणाला खिळलेला. गल्लीत माणसांना तोटा नव्हता, आणि तिनं मला बोलावलं होतं. सून गेल्यावर मी बायकोला म्हटलं, मला हे जमणार नाही. बायको म्हणाली, जाऊन तसं सांगा मग. मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि गेलो.

अंगण सारवलेलं होतं. पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढलेली, समोर पान वाढलेलं: खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, कारलं, पोळी. पानाशेजारी पाटी होती, हरभरा आणि हिरवागार चारा. म्हणजे तिनं खेचरालाही वगळलं नव्हतं. मला पाटावर बसवलं आणि तांब्या घेऊन ती माझ्या पायांशी वाकली. मी पाय मागं ओढला. एवढी म्हातारी बाई, आणि मी कोण? तिनं माझा घोटा शेळीचा धरतात तसा घट्ट धरला आणि पाय धुतले. कपाळाला गंध लावलं. शेणीच्या विस्तवावर तुपाचा घास सोडला. मग समोर बसली आणि तिनं विचारलं.

“मास्तर, वर डोंगरात जी मानसं हुती, त्येंला खायला माझा बापच न्यायचा ना?”

मी म्हटलं, हो. धान्य, पाणी, दारूगोळा, सगळं खेचरांच्या पाठीवरच जायचं. दुसरं काही तिथं चढतच नव्हतं.

“पोचलं की जेवायची ती मानसं?”

“जेवायची.”

ती पानाकडं बघत म्हणाली, “त्यातली काही जगली आसतील की मग.”

“असतील, आत्या. पुष्कळ असतील.”

हे सांगताना मला एकही पुस्तक आठवावं लागलं नाही. निर्णायक की दुय्यम, डावं अंग की उजवं, काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या युद्धाबद्दल असं काही बोललो होतो, ज्याची मला मजा आली नाही. तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. या खेपेला तिचा विश्वास बसला की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. ती एवढंच म्हणाली की भोंग्यावर तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मग तिनं खिरीची वाटी माझ्या हाताजवळ सरकवली. मला वाटलं, आता म्हणेल, घ्या मास्तर. तिनं पदर डोक्यावरून नीट केला. तिचा आवाज इतका हळू झाला की तो तिचाच आहे हे मला क्षणभर कळलं नाही.

“जेव, बा.”

तिनं बापाला कधी पाहिलं नव्हतं. जन्मात समोर बसलेल्या कुणाला तिनं त्या शब्दानं हाक मारली असेल, तर ती अशीच, वर्षातून एकदा, दुसऱ्याच कुणाच्या तोंडाकडं बघून. आणि यंदा समोर मी होतो. उठावं, त्या शब्दाचा धनी मी नाही म्हणून सांगावं आणि पळावं असं वाटलं. पण मी उठलो असतो तर तिच्या दारातून तिचा बाप उपाशी गेला असता. मी मान खाली घातली आणि पहिला घास उचलला.